गुणांनंतरचं गणित: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि निवडक संस्थांचे प्रवेश

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत अंबरनाथ होतं. एमबीबीएसच्या १०० जागा आपल्या गावात आल्या म्हटल्यावर इथल्या पालकांना वाटलं की आता मुलांना लांब जायला नको. वाटणं साहजिक होतं, पण प्रवेशाचे नियम तसं सांगत नाहीत. शासकीय कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात. वैद्यकीय प्रवेशात विभागवार ७०:३० अशी वाटणी पूर्वी होती, तीही २०२० साली रद्द झाली. अंबरनाथच्या कॉलेजवर लातूर, नांदेड किंवा जळगावच्या मुलाचा जेवढा हक्क, तेवढाच इथल्याच बुवापाड्यातल्या मुलीचा. कॉलेज गावात आलं, पण प्रवेश अजून राज्यभरच्या रांगेत उभं राहूनच मिळतो.

या रांगेचे नियम उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या घरांपर्यंत कितपत पोहोचले आहेत, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. अभ्यास कमी पडल्यामुळे हुकलेली जागा सगळ्यांना दिसते. नियम कळला नाही, दाखला वेळेत निघाला नाही किंवा पसंतीक्रम चुकीचा भरला म्हणून हुकलेली जागा कुणाला दिसत नाही, कारण ती कुठल्याच निकालात छापून येत नाही. क्लासची फी भरताना घरात आठवडाभर चर्चा होते. ऑप्शन फॉर्म मात्र शेवटच्या रात्री, सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरला जातो.

या तीन शहरांची घडण वेगवेगळी आहे आणि प्रवेशाच्या वाटेवर ती जागोजागी आडवी येते किंवा मदतीला येते. उल्हासनगर उभं राहिलं ते फाळणीनंतर, लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून. १९४९ साली त्याला आजचं नाव मिळालं. अंबरनाथ कारखान्यांभोवती वाढलं: ऑर्डनन्स फॅक्टरी, काड्यापेटीचा विमको कारखाना, धरमसी मोरारजी केमिकल आणि पुढे एमआयडीसी. बदलापूर गेल्या तीन दशकांत मुंबईत घर न परवडणाऱ्या मराठी मध्यमवर्गाने भरत गेलं. रत्नागिरी, सातारा, जळगाव, नाशिक इथून आलेली ही कुटुंबं आहेत, आणि त्यांचे आजोबा-पणजोबांचे कागद अजून मूळ गावच्या कचेरीत आहेत. शहरांच्या कडेला वाड्यांवर कातकरी आणि ठाकूर कुटुंबं राहतात. एकाच कर्जत लोकलने निघालेल्या चार मुलांसमोर चार वेगळे नियम असतात, ते यामुळे.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. जेईई मेनला दरवर्षी सुमारे पंधरा लाख विद्यार्थी बसतात. त्यांतले वरचे अडीच लाख जेईई ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात आणि देशातल्या सगळ्या आयआयटी मिळून जागा आहेत सुमारे १८ हजार. पवईच्या आयआयटीत कॉम्प्युटर सायन्सची खुल्या गटातली शेवटची रँक अलीकडच्या वर्षांत ६० ते ७० च्या दरम्यान राहिली आहे. पंधरा लाखांतल्या पहिल्या सत्तरांत यायचं, असा त्याचा अर्थ. नीटला बसणारे वीस लाखांच्या वर असतात आणि सरकारी, खासगी, अभिमत अशा सगळ्या मिळून देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागा मात्र दोन लाखांच्या घरात आहेत. म्हणजे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. व्हीजेटीआय, आयसीटी, पुण्याचं सीओईपी, अंधेरीचं सरदार पटेल अशा मोजक्या कॉलेजांत शिरणं अवघड आहे.

या मोजणीत पालकांची सगळ्यात मोठी गफलत होते ती परसेंटाइलवर. ‘९५ आले’ म्हटल्यावर घरात पेढे वाटले जातात, कारण कानाला ते शंभरापैकी गुण वाटतात. जेईई मेनमध्ये ९५ परसेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे साधारण पंचाहत्तर हजार मुलं आहेत. ९९ म्हणजे पुढे पंधरा हजार. राज्याच्या एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात चार लाखांच्या आसपास मुलं बसतात, तेव्हा तिथले ९५ म्हणजे वीस हजारांच्या पुढची रँक. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये कॉम्प्युटरला खुल्या गटातून शिरायला ९९ च्याही पुढचे दशांश मोजावे लागतात. निकाल लागला की सगळ्यात आधी परसेंटाइलची रँक करून पाहावी. मग मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडाव्यात. त्या राज्याच्या सीईटी सेलच्या आणि आयआयटी-एनआयटीचे प्रवेश करणाऱ्या जोसाच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात.

परीक्षांबद्दल थोडक्यात, कारण त्यांची माहिती तुलनेने पोहोचलेली आहे. जेईई मेन वर्षातून दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरला जातो. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या पुस्तकांचा असतो, त्यातला अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के, आणि गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, भौतिक-रसायनाच्या प्रश्नाला एक. दीडशे प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात. जेईईत तेवढ्याच वेळात पंचाहत्तर असतात. जेईईची तयारी केली की सीईटी आपोआप निघते, हे क्लासमध्ये सर्रास सांगितलं जातं. विषयाच्या समजेपुरतं ते खरं आहे, पण वेगाचा सराव वेगळा करावाच लागतो. जेईईत रमलेली हुशार मुलं सीईटीत अडखळतात ती इथेच. शिवाय आयआयटीत प्रवेश घ्यायला बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० परसेंटाइलमध्ये येणं सक्तीचं आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ही अट ६५ टक्क्यांची आहे. बारावीकडे दुर्लक्ष करायला सांगणारा सल्ला धोक्याचा आहे.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांसाठी एक गोष्ट २०२१ पासून बदलली आहे. जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. नीटची तर त्याआधीपासूनच मिळते. ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात. अकरावी सायन्सला शिकवणं बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असतं. बदलापूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाचे पहिले चार-सहा महिने विषय समजण्यापेक्षा शब्द ओळखण्यात जातात, आणि त्याच महिन्यांत क्लासची पहिली चाचणी होऊन तो मागच्या बॅचमध्ये टाकला जातो. हे टाळायला फार खर्च लागत नाही. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत विज्ञान-गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत पाठ करून घेतल्या, आणि अकरावीचं इंग्रजी पुस्तक एकदा मोठ्याने वाचून काढलं, तरी खूप फरक पडतो. तिन्ही शहरांतल्या मराठी शाळांनी ही दोन महिन्यांची शिकवणी स्वतः घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आता अकरावी. मुंबई महानगर प्रदेशात अकरावीचे प्रवेश बरीच वर्षं ऑनलाइन होत आले आहेत आणि २०२५ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली. दहावीला ९० च्या वर मिळाले की इथल्या घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो: उल्हासनगरच्या सीएचएम किंवा तलरेजा कॉलेजात किंवा बदलापूरच्या आदर्शमध्ये प्रवेश घ्यायचा, की माटुंग्याला रुईया-रुपारेलला जायचं? बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. सकाळच्या गर्दीत दादर गाठायला सव्वा तास, स्टेशनपर्यंतचा रिक्षाचा आणि पुढचा चालण्याचा वेळ धरला तर जाऊन-येऊन तीन तास आणि वर थकवा. संध्याकाळी ठाण्याला किंवा डोंबिवलीला क्लास असेल तर घरी पोहोचायला रात्रीचे दहा. पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला की बदलापूर-वांगणी पट्ट्यातली गाडी बंद. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथेच पाण्यात अडकली होती. निवडक संस्थेत जायचं आहे ते बारावीनंतर. त्यासाठी बारावीपर्यंतचे रोजचे तीन तास रुळांवर घालवणं मला पटत नाही. मोठ्या कॉलेजचं वातावरण, ग्रंथालय, सोबतची मुलं यांचं मोल मी नाकारत नाही. कला किंवा वाणिज्यचा विद्यार्थी असेल तर मी उलट सल्ला देईन. स्पर्धा परीक्षेच्या दोन वर्षांत मात्र झोप आणि सरावाचे तास जास्त मोलाचे आहेत.

दुसरा पर्याय म्हणजे ‘इंटिग्रेटेड’. नाव कॉलेजात, शिकवणी क्लासमध्ये, कॉलेजची हजेरी कागदावर. स्टेशनबाहेर निकालानंतर लागणारे फ्लेक्स याच क्लासचे असतात. त्यांवरचे चेहरे पाहून भुलण्याआधी पालकांनी एकाच प्रश्नाचं उत्तर लेखी मागावं: दोन वर्षांपूर्वी पूर्णवेळ बॅचमध्ये किती मुलं होती आणि त्यांतल्या कितींना कुठे प्रवेश मिळाला? फक्त टेस्ट सीरिज घेतलेल्या मुलाचा फोटो पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून लावला जाण्याचे प्रकार इतके वाढले की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये आणि मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी परत करावी असं म्हटलं आहे. हे पालकांना माहीत नसतं, म्हणून दोन वर्षांची फी एकरकमी भरली जाते आणि सहा महिन्यांत मुलाला झेपत नाही असं दिसलं तरी पैशांपायी त्याला तिथेच बसवून ठेवलं जातं.

क्लास परवडत नसेल त्यांच्यासाठी काही मार्ग आहेत. आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचं ‘साथी’ हे व्यासपीठ २०२३ पासून फुकट आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची ‘महाज्योती’ संस्था दहावीनंतर जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही. अर्ज दहावीच्या निकालाच्या आसपास निघतात आणि मुदत लवकर संपते.

राजस्थानातल्या कोटा शहरात मुलाला पाठवणाऱ्या पालकांनी एक नियम आधी वाचावा. महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या जागेसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणं लागतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद आहेत. कोटा शहरातल्या शाळेत नाव घालून बारावी राजस्थानातून दिली तर ८५ टक्के जागांचा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद होतो. इंजिनिअरिंगला आई-वडिलांच्या अधिवासावर वाट मिळते, मेडिकलला तशी मिळत नाही. हा नियम अकरावीचा प्रवेश घेताना कळायला हवा. बारावीच्या निकालानंतर कळून उपयोग नसतो.

कागदपत्रांवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण या तीन शहरांत सगळ्यात जास्त घसरण इथे होते. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांत कार्यालयातून निघतो, आणि राज्याच्या आरक्षणासाठी कुटुंब ठरलेल्या तारखेआधी महाराष्ट्रात राहत होतं असा पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. बदलापुरात राहणाऱ्या मुलीचे वडील नव्वदच्या दशकात इथे आलेले असतात. त्यांचा स्वतःचा शाळेचा दाखला चालत नाही, त्याच्याही मागे जावं लागतं. आजोबांचा जिल्हा परिषद शाळेतला दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, महसुली कागद हे सगळं मूळ गावी. मे महिन्यात गावी गेल्यावर शाळा बंद असते आणि जूनमध्ये मुलीचा फॉर्म सुरू झालेला असतो. त्यानंतर जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो आणि सरकार बऱ्याचदा मुदत वाढवतं. तरीही मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर प्रवेश खुल्या गटात वर्ग होतो आणि तिथे गुण पुरत नसतील तर जागा जाते. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत भरता येतो. बारावीची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही. कातकरी आणि ठाकूर कुटुंबांना तर जुना लेखी पुरावा मिळवणंच सगळ्यात कठीण, कारण मागच्या पिढ्या शाळेत गेलेल्या नसतात. वाडीवरची एखादी मुलगी बारावी सायन्सपर्यंत पोहोचते तेव्हा तिच्या दाखल्यासाठी शाळेने, आश्रमशाळेने किंवा ग्रामसेवकाने स्वतः प्रांत कार्यालयापर्यंत चालत जावं एवढं तिचं तिथपर्यंत पोहोचणं मोलाचं आहे.

त्यात आणखी एक पेच आहे. केंद्राचे आणि राज्याचे दाखले वेगळे. आयआयटी, एनआयटी, अखिल भारतीय मेडिकल कोटा इथे केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि ओबीसी नॉन-क्रीमीलेअर त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलाच चालतो. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला जुना दाखला तिथे नाकारला जातो. राज्यात एसईबीसी आरक्षण असलेल्या मराठा विद्यार्थ्यासाठी केंद्रात तो प्रवर्गच नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या निकषांत बसत असेल तर तिथे त्याला आर्थिक दुर्बल घटकाचा केंद्रीय दाखला घेता येतो. उत्तर प्रदेश-बिहारमधून १९६७ नंतर उल्हासनगर-अंबरनाथला आलेल्या ओबीसी कुटुंबाचं याच्या उलट आहे: महाराष्ट्राचं आरक्षण मिळत नाही, पण जात केंद्राच्या यादीत असेल तर मूळ राज्याच्या दाखल्यावर केंद्रीय संस्थांत ते मिळतं. जेईईचा फॉर्म खुल्या गटातून भरून टाकलेली आणि जूनमध्ये हे समजलेली मुलं मी पाहिली आहेत.

उल्हासनगरच्या सिंधी विद्यार्थ्यांसाठी एक वाट आहे आणि ती ज्या घराला माहीत आहे ते घर तिचा चांगला उपयोग करतं. चेंबूरचं विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचं इंजिनिअरिंग कॉलेज आणि वांद्र्याचं थडोमल शहाणी ही सिंधी भाषिक अल्पसंख्याक कॉलेजं आहेत, आणि मुंबईतल्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्यांची गणना होते. त्यांच्या निम्म्याहून थोड्या जास्त जागा सिंधी विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात आणि तिथला कटऑफ खुल्या जागांपेक्षा बराच खाली उतरतो. फाळणीनंतर इथे आलेल्या प्राध्यापकांनी, शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी आणि हशू अडवाणींसारख्या कार्यकर्त्यांनी काही दशकांपूर्वी जे उभारलं त्याचं हे फळ आहे. फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेची नोंद काय आहे ते दहावीतच पाहावं. तिथे चुकून हिंदी लिहिलेलं असेल तर शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावं, नंतर ते फार किचकट होतं. गुजराती कुटुंबांसाठी पार्ल्याचं द्वारकादास संघवी, ख्रिस्ती कुटुंबांसाठी वांद्र्याचं फादर ॲग्नेल संस्थेचं कॉलेज, असे पर्याय अंबरनाथसारख्या बहुभाषिक गावात अनेकांना लागू पडतात.

आता पसंतीक्रम. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, पहिल्याच फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर ‘मिळेल असं’ कॉलेज टाकणं ही सगळ्यात महाग चूक आहे. यादी इच्छेच्या क्रमाने भरायची, शक्यतेच्या क्रमाने नाही. वरचं नाही मिळालं तर यंत्रणा आपोआप खाली उतरते आणि वर मोठी नावं लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. आयआयटी-एनआयटीच्या जोसा फेऱ्यांत फ्रीज, स्लाइड आणि फ्लोट असे तीन पर्याय असतात. मिळालेली जागाच कायम ठेवायची असेल तर फ्रीज, आणखी चांगल्या जागेची आशा असेल तर फ्लोट, संस्था हीच हवी पण शाखा बदलायची असेल तर स्लाइड. मुदतीत फी भरली नाही तर मिळालेली जागाही जाते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली होती. १७,५०० रुपये जमवताना मुदतीची वेळ काही मिनिटांनी टळली आणि जागा गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खाली त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. प्रत्येक मुलाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही. निकालाच्या आठवड्यात खात्यावर पैसे तयार ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

सगळ्यांना कॉम्प्युटर हवं आहे आणि त्यामुळे एक जवळची संस्था इथल्या मुलांच्या यादीत खाली ढकलली जाते. माटुंग्याची आयसीटी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झाली. रघुनाथ माशेलकर तिथेच शिकले आणि देशातल्या रसायन उद्योगाचे कितीतरी उद्योजक तिथून बाहेर पडले. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील रिॲक्टरवर पाळ्या करतात त्या मुलांना हा उद्योग घरबसल्या कळलेला असतो. त्या मुलांनी तिथल्या केमिकल इंजिनिअरिंगकडे दुसऱ्या दर्जाचा पर्याय म्हणून पाहू नये. बीटेकच्या बहुतांश जागा महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांसाठी सीईटीतून भरतात.

मुलाला विज्ञानाची खरी ओढ असेल तर पुण्याचं आयसर आहे. २०२४ पासून तिथला प्रवेश फक्त आयसरच्या स्वतःच्या चाचणीतून होतो. कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात अणुऊर्जा विभागासोबतचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे, जागा साठच्या आत, प्रवेश नेस्ट परीक्षेतून. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिम्पियाड चालवतं. अकरावीत एकदा ती परीक्षा दिली तरी आपल्याला विषय आवडतो की फक्त गुण आवडतात हे कळतं. कायद्यासाठी मुंबईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि त्याची क्लॅट परीक्षा बारावी चालू असतानाच डिसेंबरमध्ये होते. दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश २०२२ पासून सीयूईटीवर होतात. चित्रकलेत हात असलेल्या मुलासाठी १८५७ पासूनचं जेजे आहे. या परीक्षांच्या तारखा एका कागदावर लिहून बारावीच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावाव्यात. बारावीनंतर जाणीव झाली तर यांतल्या निम्म्या खिडक्या बंद झालेल्या असतात.

पैशांविषयी समज-गैरसमज भरपूर आहेत. आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला दोन लाख आहे, पण अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या विद्यार्थ्याला ती पूर्ण माफ आहे, आणि एक ते पाच लाख उत्पन्न असेल तर दोन तृतीयांश माफ. राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाली. प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा शुल्कमाफी योजनेच्या असतात. ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो आणि तो न टाकल्यामुळे त्या हातच्या जातात. मेडिकलला पैशांचा प्रश्न खरोखर क्रूर आहे. अनेक अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्या दलालांचा बाजार तिथूनच चालतो. नीटच्या गुणवत्ता यादीशिवाय देशात एमबीबीएसची एकही जागा भरता येत नाही, मॅनेजमेंट कोट्यातलीसुद्धा. परदेशी मेडिकलला जातानाही नीट पात्रता लागते आणि परतल्यावर परवान्याची परीक्षा द्यावी लागते, जिच्यात दरवर्षी बहुसंख्य नापास होतात.

ड्रॉप घ्यावा का, हा प्रश्न जुलैमध्ये या तिन्ही शहरांतल्या शेकडो घरांत चालू असतो. मुलाला स्वतःला हवा असेल, मागच्या वर्षी आजारपण किंवा घरातली अडचण होती असं ठोस कारण असेल आणि त्याच्या चाचण्यांचे गुण चढते असतील तर एक वर्ष जरूर द्यावं. शेजारच्या मुलीला मिळालं म्हणून दिलेलं वर्ष वाया जातं. तिसऱ्या ड्रॉपला माझा स्पष्ट विरोध आहे. आयआयटीत जागा मिळाली नाही म्हणजे आपण संपलो असं सतरा वर्षांच्या मुलाला वाटू लागतं ते आपल्या, मोठ्यांच्या बोलण्यामुळे. मूल गप्प राहत असेल, झोपत नसेल, जेवण टाळत असेल तर टेस्ट सीरिज बाजूला ठेवून १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, तसंच इथल्या कॉलेजांना माझी विनंती आहे. दरवर्षी जानेवारी ते ऑगस्ट या काळात प्रत्येक शहरात एक प्रवेश मार्गदर्शन केंद्र चालवा. नगर वाचनालयातली एक खोली, दोन संगणक आणि आळीपाळीने बसणारे चार जाणकार शिक्षक पुरतील. इथूनच पवई, माटुंगा, परळला शिकायला गेलेली आणि आता नोकरीला लागलेली मुलं शनिवारी दोन तास नक्की देतील, त्यांना फक्त बोलवा. पालकांनो, मूल नववीत असेल तर आजच आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची चौकशी करा.